आधी वीजबिल वाचा, मग गच्ची मोजा: नव्या सोलर कंत्राटदारांसाठी

तीन किलोवॅटचा संच गच्चीवर चढवायला दोन कारागीर आणि एक हेल्पर असला की दोन दिवस पुरतात. त्याच संचाला नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) लागून पहिलं बरोबर बिल हातात यायला मात्र कधी तीन आठवडे जातात, कधी तीन महिने. या मधल्या काळात ग्राहकाचे फोन तुम्हालाच येतात आणि उरलेले पैसेही तुमचेच अडकलेले असतात. धंद्यात नवा आलेला माणूस सगळा दोष वीज कंपनीच्या कार्यालयावर टाकून मोकळा होतो. काही वेळा तो दोष खराही असतो. पण अडकलेल्या फायली एकेक करून उघडल्या, तर बहुतेकींचं कारण कामाला हात लावायच्या आधीच वीजबिलावर छापलेलं सापडतं: नाव, भार, फेज, थकबाकी.

इथे महावितरणच्या हद्दीतल्या घरगुती संचांचा विचार केला आहे, मुख्यतः १० किलोवॅटपर्यंतच्या. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानी इलेक्ट्रिसिटीचा ग्राहक असेल तर अर्जाची खिडकी बदलते, पण नियम त्याच राज्य वीज नियामक आयोगाचे.

पायरी १: तुमचे स्वतःचे कागद

ग्राहकाकडे जायच्या आधी तीन गोष्टी हातात हव्यात: विद्युत ठेकेदाराचा परवाना, जीएसटी नोंदणी आणि पीएम सूर्यघर योजनेत (घरगुती छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची योजना) व्हेंडर म्हणून नोंदणी. व्हेंडर नोंदणीला अडीच लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते. बँक हमीसाठी बहुतेक बँका तेवढ्याच रकमेची मुदत ठेव अडकवून घेतात, तेव्हा खेळत्या भांडवलाच्या हिशेबातून ते पैसे आधीच वजा करा.

नोंदणी होईपर्यंत बरेच जण दुसऱ्याच्या आयडीवर काम करतात. काम मिळतं, पण योजनेच्या पोर्टलवर करार त्याच्या नावाचा होतो, माहिती त्याच्याच लॉगिनमधून चढते आणि पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही कागदावर त्याचीच राहते. त्याचं आणि तुमचं बिनसलं की ग्राहकाची फाईल मध्येच लटकते. असं काम करायचंच असेल तर कोणता कागद कोण, किती दिवसांत चढवणार हे लेखी ठरवा आणि एका वेळी दोन-तीन फायलींच्या पुढे जाऊ नका.

पायरी २: वीजबिल

ग्राहकाकडून व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो मागवा, तोही पूर्ण पानाचा, शक्यतो गेल्या महिन्याचा. गच्ची बघायला नंतर जा. बिलावर एवढं तपासायचं:

१२ अंकी ग्राहक क्रमांक आणि त्याशेजारचा बिलिंग युनिट. अर्ज कोणत्या उपविभागाकडे जाणार ते बिलिंग युनिटवरून ठरतं. शहराच्या कडेच्या वसाहतींत शेजारशेजारच्या दोन गल्ल्या वेगवेगळ्या उपविभागांत असतात, तेव्हा अंदाजाने कार्यालय गाठू नका.

नाव. सगळ्यात जास्त फायली इथे मरतात. घर मुलाचं, आधार मुलाचं, बँक खातं मुलाचं आणि बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर. अर्ज वीजग्राहकाच्या नावानेच होतो, म्हणजे आधी नावबदल. त्यासाठी मालकीचा पुरावा लागतो: शहरात इंडेक्स टू किंवा मिळकत पत्रिका, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती. वारसांचं प्रकरण असेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र. भावाभावांत बोलणं बंद असेल तर ही एक सही सहा महिने खाते. तिथे आगाऊ रक्कम घेऊन माल मागवू नका.

नाव जुळतं, पण अक्षरं जुळत नाहीत, हा दुसरा प्रकार. बिलावर ‘गणपत’, आधारवर ‘गणपतराव’; बिलावर वडिलांचं नाव गाळलेलं, पासबुकावर पूर्ण. अर्ज कधी पुढे सरकतो, पण अनुदानाच्या वेळी बँक खात्याचं नाव आडवं येतं. तेव्हा बिल, आधार आणि पासबुक शेजारीशेजारी ठेवा, एकेक अक्षर जुळवा आणि जे दुरुस्त करायचं ते आत्ताच करून घ्या.

मोबाईल क्रमांक. ओटीपी ग्राहकाच्या नोंदवलेल्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक कधी जुन्या सिमचा असतो, कधी पूर्वी बिल भरून देणाऱ्या दुकानदाराचा. महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून तो बदलून घ्या. घाईत स्वतःचा क्रमांक देऊन मोकळं व्हायचा मोह टाळा. नंतर शंभर ग्राहकांचे ओटीपी तुमच्या फोनवर येतात आणि कोणता कोणाचा ते कळत नाही.

मंजूर भार आणि फेज. गावाकडच्या जुन्या जोडण्यांवर मंजूर भार अर्धा किंवा एक किलोवॅट असतो आणि ग्राहकाला हवा असतो तीनचा संच. ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर समजायचा आणि त्यासाठी लागणारी भारवाढ वीज कंपनीने करून द्यायची, असं ठरलं. ५ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वीजवाहिनी किंवा डीपी (परिसराला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) बळकट करावी लागली तर तो खर्चही कंपनीचा. तरीही अर्ज करण्यापूर्वी शाखा कार्यालयात भारवाढीचा विषय बोलून ठेवा, कारण पोर्टल आणि बिलिंगच्या नोंदी एकाच दिवशी बदलतीलच असं नाही. ८ किलोवॅटच्या पुढे थ्री-फेज लागते. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून छोट्या घराला थ्री-फेज घ्यायला लावू नका. थ्री-फेजचा स्थिर आकार सिंगल-फेजपेक्षा बराच जास्त आहे, आणि सोलर लावूनही तो दर महिन्याला भरावाच लागतो.

दर प्रकार. अनुदान फक्त घरगुती जोडणीला. खाली किराणा दुकान, वर घर आणि मीटर एकच, तोही वाणिज्यिक, असं असेल तर अनुदान नाही. शेतातल्या घराला कृषीपंपाच्या जोडणीवरून वीज असेल तर तिथेही ही योजना लागू नाही. आधी घरगुती जोडणी घ्यावी लागेल.

थकबाकी. चालू बिल भरलेलं असतं, पण त्याच जागेवरच्या जुन्या, कायम बंद झालेल्या जोडणीची ‘पीडी’ थकबाकी कुठेतरी उभी असते. जुनं घर विकत घेतलेल्यांना तिची कल्पनाच नसते. उपविभागात जाऊन जागेच्या पत्त्यावर पीडी आहे का, हे विचारून घ्या.

पायरी ३: गच्ची कोणाची

स्वतंत्र घर आणि एकच मालक असेल तर प्रश्न नाही. दोन भावांची दोन मीटर आणि एकच गच्ची असेल तर प्रत्येक मीटरला वेगळा संच, वेगळा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) आणि गच्चीच्या वाटणीवर दोघांच्या सह्या.

सोसायटीत गच्ची सामाईक मालमत्ता असते. एका सदनिकाधारकाला आपल्या मीटरसाठी पॅनेल लावायचे असतील तर सोसायटीचं ना हरकत पत्र लागतं. अध्यक्ष-सचिवांच्या सहीचं पत्र चालतं, पण पुढे समितीच बदलली तर वाद उकरला जातो, म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव घेतलेला बरा. ठरावात जागेचं माप आणि गच्चीची गळती निघाली तर पॅनेल उतरवण्याचा खर्च कोणाचा, एवढं असू द्या.

लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोसायटीचा सामाईक संच असेल तर अनुदान प्रति किलोवॅट १८,००० रुपये, प्रति घर ३ किलोवॅटच्या हिशेबाने, जास्तीत जास्त ५०० किलोवॅटपर्यंत. वीस सदनिकांच्या इमारतीला या हिशेबाने ६० किलोवॅटपर्यंत वाव मिळतो. एवढी वीज सामाईक मीटरवर खपत नाही, म्हणून संच बिलातल्या युनिटवरून ठरवा. इथला नेहमीचा खड्डा म्हणजे सामाईक मीटर अजून बिल्डरच्या नावावर असणं. सोसायटी दहा वर्षं बिल भरते आणि नावाकडे कोणी बघत नाही. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि ठराव लावून नावबदल करा, मगच पुढचं बोला.

महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत कुठे आडवी येते? गच्चीला लागून बसवलेल्या कमी उंचीच्या स्ट्रक्चरकडे (पॅनेलच्या सांगाड्याकडे) सहसा कोणी बघत नाही. पण पॅनेलखाली वावरता यावं म्हणून ग्राहक आठ-दहा फुटी स्ट्रक्चर मागतो, मग ‘पाऊस गळतो’ म्हणून पॅनेलच्या फटींत पत्रा, मग एका बाजूला जाळी, मग भिंत. एवढं झालं की पालिकेच्या लेखी ते वाढीव बांधकाम आणि नोटिशीत तुमच्या संचाचा उल्लेख. करारात सरळ लिहा की स्ट्रक्चर चारी बाजूंनी उघडं राहील आणि त्याला पत्रा किंवा भिंत जोडल्यास जबाबदारी ग्राहकाची. उंच स्ट्रक्चरला स्थानिक संस्थेचं पत्र आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, दोन्ही घ्या. पुणे, खडकी, देवळाली, कामठी अशा छावणी भागांत छावणी परिषदेची परवानगी आधी विचारा.

पायरी ४: क्षमता, दर आणि हप्ते

३ किलोवॅटला सावली नसलेली साधारण ३०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास वीज मिळते. मे महिन्यात जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी. ग्राहकाला वर्षाच्या सरासरीचा आकडा सांगा, मे महिन्याचा नको.

अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे एकूण ७८,०००. त्यापुढे कितीही मोठा संच घेतला तरी तेवढंच. क्षमता मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतला लहान आकडा धरतात. ५४० वॅटची पाच पॅनेल म्हणजे २.७ किलोवॅट. त्याला ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर लावला तरी हिशेब २.७ चाच, म्हणजे ६०,००० अधिक १२,६००. पूर्ण ७८,००० सांगून गेलात तर फरकाचे ५,४०० ग्राहक तुमच्याकडेच मागणार. सहा पॅनेल लावा, ३.२४ होतात आणि इन्व्हर्टर ३ चा पुरतो.

अनुदानासाठी पॅनेल डीसीआर हवेत, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनवलेले. साध्या पॅनेलपेक्षा ते महाग असतात. दरपत्रकात ‘डीसीआर’ हा शब्द आणि पॅनेलचं मॉडेल लिहा. कोणी फार स्वस्त दर दिला असेल तर त्याच्या दरपत्रकात हा शब्द आहे का, एवढं ग्राहकाला बघायला सांगा.

सोलर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. माल ७० टक्के आणि काम ३० टक्के धरून हिशेब होतो, तेव्हा एकत्र कर ८.९ टक्के पडतो. जुन्या नमुन्यातली दरपत्रकं अजून १३.८ टक्क्यांवर फिरताना दिसतात.

आता पैसे. अनुदान ग्राहकाच्या खात्यात येतं, तुमच्या नाही. ‘सबसिडी आली की देतो’ हे वाक्य जिथे मान्य केलंत तिथे तुमचे ७८,००० सरकारी वेळापत्रकाला बांधले गेले. हप्ते तुमच्या हातातल्या टप्प्यांना बांधा: बुकिंगला १०-२० टक्के, माल गच्चीवर पोहोचला की मोठा हिस्सा, जोडणी पूर्ण झाली की बाकीचं, आणि नेट मीटर लागेपर्यंत फार तर ५-१० टक्के मागे. बँकेचं कर्ज असेल तर जनसमर्थ पोर्टलवरून अर्ज होतो आणि पैसे थेट तुमच्या खात्यात येतात, पण मंजुरी आणि वितरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजुरीचं पत्र बघून माल उतरवू नका.

पायरी ५: अर्ज

राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहकाची नोंदणी, अर्ज, व्हेंडरची निवड, करार, उभारणी, तपासणी, नेट मीटर, कार्यान्वयन, अनुदान, असा क्रम आहे. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीचा टप्पा आपोआप पार पडतो. त्यापुढे कंपनीला तपासणीसाठी १५ दिवस आहेत. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर अर्ज मंजूर समजायचा, हेही त्याच २०२४ च्या दुरुस्तीत आहे.

मोठ्या कामाला जाताना डीपी बघा. राज्य आयोगाच्या २०१९ च्या नियमांत एका डीपीवरच्या सगळ्या छतावरील संचांची बेरीज तिच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवली आहे. १०० केव्हीएची डीपी असेल तर ७०. ज्या कॉलनीत प्रत्येक बंगल्यावर पॅनेल चमकतात, तिथे २० किलोवॅटचा अर्ज टाकण्याआधी शाखा अभियंत्याला त्या डीपीवर किती जोडलेत ते विचारा. आकडा कार्यालयातच असतो. तुम्ही जाऊन विचारलं तरच बाहेर येतो.

करार स्टॅम्पवर मागितला गेला तर लक्षात ठेवा: १०० आणि २०० रुपयांच्या जागी राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा स्टॅम्प लागतो. छोटा खर्च आहे, पण दरपत्रकात धरलेला नसतो.

पायरी ६: तपासणीत पास होईल अशी उभारणी

माल आला की पॅनेल उभी करून प्रत्येकाच्या मागच्या बारकोडचा फोटो काढा. हे चढवायच्या आधीच. एकदा क्लॅम्प आणि रेल बसली की दोन-तीन पॅनेलचे क्रमांक दिसेनासे होतात आणि पोर्टलवर क्रमांक भरताना माणसाला स्ट्रक्चरखाली आडवं सरपटावं लागतं. एक आकडा चुकला की तो क्रमांक उत्पादकाच्या डीसीआर प्रमाणपत्राशी जुळत नाही. वाहतुकीत एखादं पॅनेल फुटलं आणि गोदामातलं साधं पॅनेल तात्पुरतं लावलं, तर तिथेच अनुदान थांबलं.

स्ट्रक्चर. एका पॅनेलचं वजन साधारण २८ किलो, म्हणून लोक वजनाची चिंता करतात. खरी चिंता वारा उचलण्याची. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबई आणि नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. ४४ ला प्रति चौरस मीटर सुमारे ११८ किलोचा दाब येतो, ३९ ला सुमारे ९३, तोही इतर गुणक लावायच्या आधी. सहा पॅनेलचं क्षेत्र साडेपंधरा चौरस मीटर. एक फुटी काँक्रीटचा ठोकळा ६५ ते ७० किलोचाच असतो, म्हणजे चार पायांखाली चार ठोकळे ठेवून निघून जाणं म्हणजे वादळाच्या भरवशावर काम सोडणं. स्लॅबला अँकर मारणार असाल तर वॉटरप्रूफिंग फोडल्यावर ते पुन्हा कोण करणार, हे आधी ठरवा. गळतीचं भांडण विजेच्या भांडणापेक्षा लांबतं.

अर्थिंग तीन: विजरोधकाचं (एलए) वेगळं, स्ट्रक्चर आणि डीसी बाजूचं वेगळं, इन्व्हर्टर व एसी बाजूचं वेगळं. मोजमाप ५ ओहमच्या आत आणा. दख्खनच्या काळ्या खडकावर आणि कोकणातल्या जांभ्यावर तीन मीटर खड्डा जात नाही. आडवा चर घेऊन पट्टी पुरावी लागते किंवा केमिकल अर्थिंग करावं लागतं. पावसात ३ ओहम दाखवणारा खड्डा एप्रिलमध्ये १० दाखवतो. मोजताना टेस्टरचा आकडा दिसेल असा फोटो घ्या. खड्ड्यांवर ‘एलए’, ‘डीसी’, ‘एसी’ असं रंगाने लिहून ठेवलं की तपासणीला आलेल्या माणसाचे निम्मे प्रश्न संपतात.

एसी केबल. ३ किलोवॅटला साधारण १३ अँपिअर. इन्व्हर्टर गच्चीवर आणि मीटर खाली गेटपाशी, ३० मीटरवर असेल, तर २.५ चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये पावणेसहा व्होल्ट चढतात, ४ मध्ये साडेतीन, ६ मध्ये अडीचच्याही आत. हे सहा व्होल्ट किरकोळ वाटतात. पण डीपीला लागून घर असेल आणि दुपारी लाईनवरच २५० व्होल्ट असतील, तर इन्व्हर्टरला त्याहून जास्त दिसतात आणि तो ऐन उन्हात ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो. ग्राहक म्हणतो इन्व्हर्टर खराब, उत्पादक म्हणतो लाईन खराब. केबल जाड घ्या, आणि कामाच्या आधी एका दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान मीटरपाशी व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. २५० च्या वर असेल तर डीपीचा टॅप (तिचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी) बदलण्यासाठी तेव्हाच अर्ज द्या.

सोलरची एसी जोडणी मीटरनंतर पण घराच्या ईएलसीबीच्या (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) आधी द्या. ईएलसीबीच्या पुढे दिली तर घरातल्या जुन्या गीझरच्या गळतीने संच बंद पडतो आणि दोष सोलरला लागतो. मीटरच्या पाटीवर नव्या मीटरच्या पेटीसाठी जागा आहे का, तेही बघा. लाकडी पाटी, तिच्यावर कटआऊट, वर देव्हारा, असं असेल तर मीटर बसवायला आलेला जनमित्र (महावितरणचा लाईनमन) हात हलवत परत जातो आणि पुढची तारीख पंधरा दिवसांनी मिळते.

डीसी बाजूला ४ चौरस मिमी सोलर केबल, एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या केबलचे जोड) एकाच कंपनीचे, डीसी आणि एसी दोन्ही पेट्यांत सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा), धोक्याची पाटी. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. कनेक्टर पक्कडीने दाबायचा नाही, त्याचं क्रिंपिंग टूल वापरायचं, एवढं पाळा.

पायरी ७: फाईल चढवणं आणि तपासणी

काम झाल्या दिवशीच फोटो घ्या, जिओटॅग चालू ठेवून: पूर्ण संच आणि त्याच्यासोबत ग्राहक उभा, इन्व्हर्टरची नावपाटी, दोन्ही वितरण पेट्या उघड्या, तिन्ही अर्थिंग, विजरोधक. लोकेशन बंद असलेल्या फोनने काढलेले फोटो घेऊन पुन्हा ८० किलोमीटर जावं लागतं, आणि तेव्हा ग्राहक मुंबईला लेकाकडे गेलेला असतो. डीसीआर प्रमाणपत्र, ठेकेदाराचा चाचणी अहवाल आणि करार त्याच दिवशी चढवा.

इन्स्टॉलेशन प्रमाणपत्र दाखल झाल्यापासून करार, मीटर आणि कार्यान्वयन १५ दिवसांत व्हायला हवं, असं २०२४ ची दुरुस्ती सांगते. पूर्वी ही मुदत ३० दिवसांची होती. प्रत्यक्षात अडतं ते मीटरच्या साठ्यावर आणि माणसांच्या वेळेवर. पोर्टलवर ‘प्रलंबित’ दिसलं की घरी बसू नका. शाखेत जाऊन फाईल कोणाच्या लॉगिनला आहे, एवढं एकच विचारा. ‘साहेबांकडे आहे’ हे उत्तर नाही. कनिष्ठ अभियंता, उपविभाग की चाचणी विभाग, हे कळलं की पुढचा फोन कोणाला करायचा ते कळतं.

तपासणीत मेन बंद करून इन्व्हर्टर लगेच थांबतो का ते बघतात. वीज परत आली की इन्व्हर्टर मिनिटभर किंवा जास्त थांबून सुरू होतो. हे ग्राहकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर साहेबांसमोरच तो ‘चालत नाहीये’ म्हणून ओरडतो.

नेट मीटर लागेपर्यंत संच बंद

याला वेगळी पायरी नाही, पण सर्वांत महाग चूक हीच. ग्राहक म्हणतो, ऊन वाया जातंय, सुरू करून द्या. परवानगीआधी ग्रिडला जोडणं नियमबाह्य आहेच. त्यावर आणखी एक: साधा इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्या दिशेने वाहते ते बघत नाही. गच्चीवरून बाहेर गेलेलं युनिटही तो वापर म्हणूनच मोजतो. दिवसा घरात कोणी नाही, १२ युनिट बनली, १० बाहेर गेली, की बिलात १० वाढली. महिन्याला ३०० जास्तीची युनिट आणि दराचा वरचा स्लॅब. हे बिल दुरुस्त होत नाही, कारण तक्रार करायची तर आधी परवानगीशिवाय संच चालवल्याचं कबूल करावं लागतं. एसी पेटीतला एमसीबी बंद करून त्यावर चिठ्ठी लावा, आणि बंद असल्याचा तारखेसह फोटो ग्राहकालाच पाठवून ठेवा.

पायरी ८: मीटर लागल्यानंतर

जुना मीटर उतरवताना त्याच्या शेवटच्या रीडिंगचा आणि नव्या मीटरच्या सुरुवातीच्या आयात-निर्यात आकड्यांचा फोटो घ्या. पहिल्या दोन बिलांत घोळ झाला तर हाच पुरावा. मीटर भिंतीवर लागला तरी बिलिंगमध्ये त्याची नोंद चढायला वेळ जातो; तोवर सरासरी बिल येतं किंवा निर्यात शून्य दिसते. निर्यात शून्य असेल तर आधी मीटरवर निर्यातीचा आकडा हलतोय का ते बघा. हलत असेल तर नोंदीचा प्रश्न, उपविभागाच्या बिलिंगमध्ये जा. हलत नसेल तर जोडणी किंवा मीटरचा प्रश्न, शाखेत जा. दोन्हीकडे एकच अर्ज घेऊन फिरलात तर दोघेही दुसरीकडे पाठवतात.

जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जमा होत राहतात आणि ३१ मार्चला हिशेब मिटतो. उरलेल्यांना मिळणारा दर घरगुती दरापेक्षा बराच कमी. म्हणून ‘मोठा लावा, पैसे मिळतील’ असं सांगून संच विकू नका.

अनुदानाची मागणी कार्यान्वयनानंतर ग्राहकाच्या लॉगिनमधून होते. पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला धनादेश, नाव बिलाप्रमाणेच. मागणी टाकायची राहून गेली आणि ग्राहक तीन महिने वाट बघत बसला, असंही होतं. मीटरच्या दिवशीच समोर बसून टाकून द्या.

अडकलंच तर

फोन आणि व्हॉट्सॲपवर फाईल हलते तोवर ठीक. दोनदा तारीख उलटली की एक पानी पत्र द्या: ग्राहक क्रमांक, अर्ज क्रमांक, इन्स्टॉलेशनची तारीख, नियमातली १५ दिवसांची मुदत, आणि काय हवं ते एका ओळीत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आवक नसलेलं पत्र दिलं आणि न दिलं सारखंच. रागाने लिहिलेलं दोन पानी पत्र कोणी वाचत नाही. शिवाय त्याच अभियंत्याकडे तुमच्या पुढच्या वीस फायली जाणार असतात, हेही ध्यानात ठेवा. कोणी पैसे मागितलेच तर ते दरपत्रकात ‘ऑफिस खर्च’ म्हणून ग्राहकाच्या माथी मारू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

पुढची चढण उपविभागाकडून कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता अशी. त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि शेवटी विद्युत लोकपाल. १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही पत्रात घाला. या सगळ्या तक्रारी वीजग्राहकाच्या नावाने आणि सहीनेच कराव्या लागतात. व्हेंडरच्या लेटरहेडवर आलेली तक्रार ‘तुम्ही ग्राहक नाही’ म्हणून परत येते. त्यासाठी बुकिंगच्या दिवशीच ग्राहकाकडून साधं अधिकारपत्र सही करून घ्या, आणि त्यावरचं नाव बिलावरच्या नावाशी अक्षरशः जुळतंय ना, ते बघा.